टाइप २ मधुमेहात रक्तशर्करेच्या नियंत्रणासाठी योगाभ्यास : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

टाइप २ मधुमेहाचे निदान झाले की ‘योग सुरू करा’ हा सल्ला बहुतेकांना मिळतो. मात्र कोणत्या गोळ्या चालू असताना उपाशीपोटी आसने करू नयेत, डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेली असेल तर काय वगळावे, आणि योगाचा साखरेवर खरोखर परिणाम होतो आहे की नाही हे कसे ओळखावे, हे सांगणारे फार थोडे भेटतात. मी स्वतः टाइप २ मधुमेहासह योगाभ्यास करते, आणि सुरुवातीला जी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, ती येथे क्रमाने मांडते आहे. हा लेख टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहे. टाइप १ मधुमेहाचे आणि गर्भारपणातील मधुमेहाचे नियम वेगळे असतात.

१. योगाने साखर का उतरते, हे आधी समजून घ्या

टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि पुढे स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमताही घटत जाते. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. इन्सुलिनला दाद न देणारे स्नायूही काम करताना रक्तातील साखर उचलतात, ते याच कारणाने. शिवाय व्यायाम संपल्यावरही साधारण २४ ते ४८ तास स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात. व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, या नियमाचे मूळ येथे आहे.

दुसरा मार्ग ताणाचा. मन अस्वस्थ असताना, झोप अपुरी असताना कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरके यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडण्यास भाग पाडतात. संथ श्वसन आणि शवासन यांचा उपयोग या बाजूने होतो.

पोटावर दाब किंवा पीळ देणाऱ्या आसनांनी स्वादुपिंड ‘पिळले’ जाऊन इन्सुलिन स्रवते, असे अनेक वर्गांत सांगितले जाते. या म्हणण्याला भक्कम आधार नाही, आणि त्याचा तोटा असा की नवखा माणूस वेळेचा मोठा भाग बसून पीळ देण्यात घालवतो व मांड्या, नितंब आणि पाठ यांचे मोठे स्नायू विश्रांती घेत राहतात. साखर खपते ती प्रामुख्याने याच मोठ्या स्नायूंत. माझ्या मते मधुमेहासाठी आसनांची निवड करताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

अपेक्षाही वास्तव ठेवा. चालू औषधोपचारांत योगाची भर घातल्यावर एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) काही दशांशांपासून सुमारे एक टक्क्यापर्यंत कमी झाल्याचे विविध चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसले आहे. या चाचण्या बहुधा लहान होत्या आणि त्यांतील योगाचे प्रकारही वेगवेगळे होते. हा फायदा मोलाचा आहे. मात्र तो औषधांच्या जोडीने मिळालेला आहे. योग सुरू केला म्हणून स्वतःच्या निर्णयाने गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणे धोक्याचे आहे.

२. डॉक्टरांना भेटा, सोबत ही कागदपत्रे न्या

‘योग म्हणजे सौम्य व्यायाम, त्यासाठी डॉक्टर कशाला?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मधुमेहाने डोळे, नसा, मूत्रपिंडे किंवा हृदय यांना आधीच इजा झालेली असू शकते, आणि ती अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता होते. भेटीसाठी पुढील गोष्टी एकत्र ठेवा.

• चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, मात्रा व वेळेसह. रक्तदाब आणि हृदयाची औषधेही त्यात हवीत.
• गेल्या तीन महिन्यांतील एचबीए१सी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर.
• डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून केलेल्या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या) तपासणीचा अहवाल. गेल्या वर्षभरात ती झाली नसेल तर आधी करून घ्या.
• लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांचे अहवाल.
• पूर्वीच्या शस्त्रक्रिया, हर्निया, पाठीचे किंवा सांध्यांचे दुखणे यांची नोंद.

याच भेटीत पायांच्या संवेदनेची तपासणी (तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून करतात ती) आणि आडवे असताना व उभे राहिल्यावर घेतलेला रक्तदाब, या दोन गोष्टी मागून घ्या. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर शवासनातून झटकन उठणे तुमच्यासाठी घातक ठरू शकते. चालताना छातीत जडपणा किंवा अकारण धाप जाणवत असेल, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत अभ्यास सुरू करू नका.

३. तुमचे औषध कोणत्या गटातले आहे, ते ओळखा

ही पायरी कृपया वगळू नका. व्यायामाच्या वेळी साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरेल की नाही, हे मुख्यतः औषधावर अवलंबून असते.

इन्सुलिन, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि रिपॅग्लिनाइड या गोळ्या शरीरातील इन्सुलिन वाढवतात; मग साखर कितीही खाली असो, त्यांचे काम चालूच राहते. म्हणून या गटातील रुग्णांना साखर घसरण्याचा खरा धोका असतो. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गोळ्या आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या एकट्याने घेतल्या तर असा धोका बराच कमी असतो. अनेक गोळ्यांत दोन किंवा तीन औषधे एकत्र असतात, त्यामुळे वेष्टनावरील मोठ्या नावावर न थांबता खाली बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचा.

आणखी तीन बाबी येथेच सांगते. डॅपाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात, म्हणून या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी कमी पडू देऊ नये आणि या गोळ्यांवर असताना दीर्घ उपवासाला योगाची जोड देऊ नये. त्यातून साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) साचण्याचा गंभीर प्रकार उद्भवू शकतो. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर (रक्तदाब व हृदयासाठी दिली जाणारी) औषधे साखर घसरल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकून टाकतात. अशा वेळी घाम फुटणे हीच भरवशाची खूण उरते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उभ्या आसनांपूर्वी मांडीत इंजेक्शन घेऊ नये, कारण काम करणाऱ्या स्नायूजवळचे इन्सुलिन रक्तात लवकर शोषले जाते.

४. वेळ ठरवा : ‘उपाशीपोटी’ हा नियम सर्वांसाठी नाही

आसने रिकाम्या पोटी करावीत, हा नियम पोटावर दाब येणाऱ्या आसनांच्या दृष्टीने योग्यच आहे. तथापि रात्रभराच्या उपवासानंतर, इन्सुलिनचा किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम चालू असताना पाऊण तास आसने करणे ही साखर घसरण्याची नेमकी तयारी असते. योगशिक्षकांना तुमचे औषध ठाऊक नसते. नियम ते प्रामाणिकपणेच सांगतात, म्हणून आपल्या औषधाची माहिती त्यांना देणे ही आपली जबाबदारी आहे.

साखर घसरवणारी औषधे चालू नसतील, तर सकाळी उपाशीपोटी अभ्यास करण्यास सहसा हरकत नसते. पहाटे संप्रेरकांच्या वाढीमुळे यकृत आपणहून साखर सोडत असते, त्यामुळे सकाळच्या सत्रानंतर आकडा थोडा वाढलेला दिसला तरी घाबरू नका. साखर घसरवणारी औषधे चालू असतील, तर हलक्या न्याहारीनंतर दीड ते दोन तासांनी, किंवा दुपारनंतर थोडे काही खाऊन, उभी व सौम्य आसने करणे अधिक सुरक्षित ठरते. पोटावर झोपून करायची आणि खोल पीळ देणारी आसने भरपेट जेवणानंतर किमान तीन तास तरी टाळावीत. जेवणानंतर लगेच काही करायचे असेल तर १० ते १५ मिनिटे चाला. जेवणानंतर चढणारी साखर आवरण्यासाठी आसनांपेक्षा ते सोयीचे आहे.

संध्याकाळी उशिरा जोरकस अभ्यास केला तर साखर काही तासांनी, म्हणजे झोपेत घसरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी अशा दिवशी झोपण्यापूर्वी साखर तपासावी.

५. साहित्य

फार काही लागत नाही : न घसरणारी चटई, हात नसलेली भक्कम खुर्ची, आधारासाठी मोकळी भिंत, पाण्याची बाटली, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या, नोंदवही, आणि ग्लुकोज पावडरच्या प्रत्येकी १५ ग्रॅमच्या वजन करून बांधलेल्या दोन-तीन पुड्या. पुड्या हाताच्या अंतरावर ठेवा. साखर घसरलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीत जाऊन डबा शोधणे जमत नाही.

तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर चटईबाहेर अनवाणी फिरू नका, आणि सत्रानंतर तळवे आरशात पाहून घ्या. लहानसे खरचटणेही दुर्लक्षिले गेले तर पुढे मोठी जखम होते. मुद्दाम तापवलेल्या खोलीत चालणारे योगवर्ग मधुमेहींनी टाळावेत. उष्णतेने इन्सुलिन वेगाने शोषले जाते, शरीरातील पाणी घटते, आणि नसांवर परिणाम झालेल्यांचे शरीर उष्णता नीट हाताळू शकत नाही.

६. सत्राची मांडणी

सुरुवात २० मिनिटांनी करा आणि सहा ते आठ आठवड्यांत ४० ते ५० मिनिटांपर्यंत न्या. पूर्ण सत्राचा क्रम साधारण असा असावा.

सांधे मोकळे करणे, ५ मिनिटे. मान, खांदे, मनगटे, कंबर, गुडघे, घोटे. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. हात पूर्ण वर जात नसेल तर जेथवर विनावेदना जातो तेथवरच न्या. जोर लावून तो लवकर सुटत नाही, उलट दुखावतो.

उभी आसने, १५ ते २० मिनिटे. सत्राचे बळ येथे आहे. ताडासन, उत्कटासन (नवख्यांनी खुर्चीवर टेकण्याच्या बेतात थांबून पुन्हा उठावे), वीरभद्रासनाचे पहिले दोन प्रकार आणि त्रिकोणासन. प्रत्येक स्थिती २० ते ३० सेकंद धरा आणि दोन्ही बाजूंनी दोन-तीन वेळा करा. मांड्या तापल्यासारख्या वाटल्या पाहिजेत, पण श्वास रोखला जाता कामा नये. बोलता येते आहे, गाता मात्र येणार नाही, इतपत श्रम म्हणजे मध्यम तीव्रता. तोल डळमळत असेल तर पाठ किंवा एक हात भिंतीला लावा.

जमिनीवरची आसने, १० मिनिटे. सेतुबंधासन नितंबांसाठी उत्तम आहे. भुजंगासन आणि एका पायाचे शलभासन पाठीसाठी करा. वक्रासन सौम्य पीळ म्हणून करा.

श्वसन, ५ मिनिटे. अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी, श्वास न कोंडता. उच्छ्वास हा श्वासापेक्षा थोडा लांब ठेवा.

शवासन, ५ ते १० मिनिटे. उठताना आधी कुशीवर वळा, मग बसा, एक मिनिट थांबा आणि नंतर उभे राहा.

आठवड्यातून किमान तीन दिवस हे सत्र करा आणि उरलेल्या दिवसांत वेगाने चाला. प्रौढ मधुमेहींना आठवड्याला १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम आणि दोन-तीन वेळा स्नायूंच्या बळाचा व्यायाम सुचवला जातो. संथ हठयोगाची तीव्रता बहुधा त्या मध्यम पातळीखाली राहते. त्यामुळे लवचिकता, तोल आणि काही अंशी बळ यांसाठी योग पुरेसा ठरला तरी चालण्याची जागा तो पूर्णपणे घेत नाही, असे मी स्पष्टपणे सांगेन. सूर्यनमस्कार पुरेशा गतीने घातले तर तीव्रता वाढते. ते दोन-तीनांनी सुरू करून आठवड्याला एक-दोन वाढवावेत, मात्र पुढील पायरी वाचल्यावरच.

७. कोणी काय टाळावे

दृष्टिपटलावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील किंवा रक्तस्राव झालेला असेल, तर डोके हृदयाच्या खाली जाणारी सर्व आसने वर्ज्य समजा. शीर्षासन व सर्वांगासन तर आलेच, पण अधोमुख श्वानासन आणि पूर्ण उत्तानासनही त्यात येतात; सूर्यनमस्कारात ही दोन्ही आसने असल्याने तो भिंतीच्या किंवा खुर्चीच्या आधाराने बदलून करावा. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून जोर लावणारी प्रत्येक क्रिया या रुग्णांनी टाळावी. काचबिंदू असलेल्यांनाही डोके खाली नेणारी आसने चालत नाहीत, कारण त्यांत डोळ्यातील दाब बराच वाढतो. डोळ्यांवर लेसर किंवा अन्य उपचार नुकतेच झाले असतील, तर पुन्हा केव्हा सुरू करायचे हे नेत्रतज्ज्ञांना विचारा.

अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असल्यास कपालभाती व भस्त्रिका करू नयेत. मधुमेहावर कपालभातीचा फार बोलबाला आहे, परंतु ती न केल्याने तुमच्या साखरेचे काही अडत नाही.

वज्रासनात दीर्घकाळ बसण्याचा आग्रह सोडा. गुडघ्याच्या बाहेरील बाजूने जाणारी नस या स्थितीत दाबली जाते आणि फार वेळ बसल्याने पाऊल उचलता न येण्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. मधुमेहात नसा आधीच नाजूक झालेल्या असतात. पायाला मुंग्या आल्या की आसन सोडा. तळपायावर उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत उभी आसने बंद ठेवा आणि खुर्चीत बसून करता येणारा अभ्यास करा.

८. सत्राआधी मोजा, आणि साखर घसरली तर काय करायचे ते पाठ करा

इन्सुलिन किंवा तिसऱ्या पायरीतील साखर घसरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी प्रत्येक सत्रापूर्वी साखर तपासावी. आकडा ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्या आणि मगच सुरुवात करा. आकडा २५० च्या वर असून बरे वाटत नसेल, मळमळ होत असेल किंवा कीटोन आढळले असतील तर व्यायाम करू नका, डॉक्टरांशी बोला. ३०० च्या वर असेल तर त्या दिवशी जोरकस अभ्यास टाळून पाणी प्या आणि कारण शोधा.

हात थरथरणे, घाम, एकाएकी भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखे वाटणे, नजर अंधुक होणे : यांपैकी काहीही जाणवले की आसन सोडून बसा आणि साखर तपासा. शवासनातील गुंगी आणि साखर घसरल्याची गुंगी वरवर सारखी भासते, म्हणून शंका आली तर मोजाच. ७० पेक्षा कमी असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटे थांबा, पुन्हा मोजा. अजूनही ७० च्या खाली असेल तर तीच मात्रा पुन्हा घ्या. साखर वर आल्यावर थोडे खा आणि त्या दिवसाचे सत्र तेथेच थांबवा. ५४ च्या खालचा आकडा गंभीर असतो आणि तो डॉक्टरांना कळवायलाच हवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला तातडीने वैद्यकीय मदत लागते. हे घरच्यांना आणि शिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना : ही औषधे साध्या साखरेचे पचन लांबवतात, त्यामुळे साखर खाऊन आकडा वेळेत वर येत नाही. तुमच्या पुडीत ग्लुकोजच असले पाहिजे.

९. नोंदी कशा ठेवाव्यात

पहिले चार आठवडे प्रत्येक सत्राची तारीख, वेळ, शेवटचे खाणे केव्हा झाले, सत्राआधीचा व नंतरचा आकडा, आणि काय केले, एवढे लिहा. बोट टोचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करा; बोटाला गोड पदार्थाचा अंश लागलेला असेल तर आकडा खोटा वाढतो.

येथे एक सापळा आहे. घरगुती ग्लुकोमीटरच्या मान्य मानकांनुसार १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. त्यामुळे सत्राआधी १६० आणि नंतर १५० आले, तर ‘योगाने १० अंक उतरले’ असा निष्कर्ष काढता येत नाही. एका दिवसाच्या आकड्यावर हुरळू नका आणि खचूही नका. तीच वेळ, तेच खाणे असलेल्या अनेक दिवसांचा कल पाहा.

दंडावर सेन्सर लावलेला असेल तर त्याचा आकडा रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. शिवाय त्या कुशीवर झोपल्यास सेन्सरवर दाब येऊन आकडा खोटाच खाली दिसू शकतो. लक्षणे आणि सेन्सर यांचे जुळत नसेल तर बोट टोचून खात्री करा.

१०. तीन महिन्यांनी

एचबीए१सी सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून तीन आठवड्यांत ती तपासण्यात अर्थ नाही. रक्तक्षय असलेल्यांत हा आकडा फसवा असू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनचा अहवालही जोडा. डॉक्टरांकडे नोंदवही न्या आणि साखर ७० च्या खाली गेलेल्या प्रत्येक नोंदीवर आधीच खूण करून ठेवा. औषध कमी करायचे असेल तर सुरुवात बहुधा साखर घसरवणाऱ्या औषधापासून होते, आणि कोणत्या वेळची मात्रा कमी करावी हे ठरवण्यास याच खुणा डॉक्टरांच्या उपयोगी पडतात. मात्रा बदलल्यावर पुढचे दोन आठवडे पुन्हा प्रत्येक सत्राआधी आणि नंतर साखर मोजा.